पाठीमागून येणारी मोटारसायकल

साताऱ्यातल्या आमच्या पळणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण पेटलंय. पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळताना रस्त्याच्या डाव्या कडेने पळायचं की उजव्या? ग्रुपमधल्या एका मुलीला घाटात जीप घासून गेली, तिचं खरचटण्यावर निभावलं, आणि त्या दिवसापासून दोन तट पडले. मी उजव्या तटात. माझं म्हणणं वाचून एका जुन्या मित्राने एका ओळीत निकाल लावला, "इंग्लंडातलं शहाणपण तिकडंच ठेव, इथं मरशील."

हसू आलं, पण वाक्य डोक्यातून गेलं नाही.

गेली अकरा वर्षं मी डार्बीशायरमधल्या एका खेड्यात राहतो. इथले रस्ते जेमतेम एक गाडी जाईल एवढे. दोन्ही बाजूंना दगडावर दगड रचलेले कुंपण, चुना नाही की सिमेंट नाही, थेट आपल्या कोकणातले गडगेच. फुटपाथचा पत्ता नाही, आणि यातल्या बहुतेक रस्त्यांवर कायदेशीर वेगमर्यादा ताशी 60 मैल, म्हणजे जवळपास 96 किलोमीटर. हिवाळ्यात सकाळी आठ वाजले तरी उजाडत नाही आणि दुपारी चारला अंधार पडतो. थोडक्यात, पळायला जाणारा माणूस बहुतेक वेळा काळोखातच असतो.

इथल्या रहदारीच्या नियमांचं पुस्तक, हायवे कोड, 1931 पासून निघतंय. आपल्यासारख्याच इथेही गाड्या डावीकडून धावतात. त्या पुस्तकातला दुसराच नियम सांगतो की फुटपाथ नसेल तर पायी जाणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने जावं, म्हणजे समोरून येणारं वाहन त्याला दिसेल. मला शाळेत बरोबर याच्या उलट शिकवलं होतं. गाड्या डावीकडून, सायकली डावीकडून, मग माणसंही डावीकडूनच. पायी चालणारा माणूस म्हणजे वाहन नव्हे, हे कोणाच्या लक्षात आलं नसावं. वाहनाला आरसा असतो, माणसाच्या पाठीला डोळे नसतात.

हे नुसतं तर्कट नाही. फिनलंडमध्ये 2006 ते 2010 या काळातले अपघात तपासून काढलेला निष्कर्ष असा की, रहदारीकडे तोंड करून चालणाऱ्यांचे अपघात पाठ करून चालणाऱ्यांपेक्षा सुमारे 77 टक्क्यांनी कमी होते. हा आकडा मी ग्रुपवर टाकला तेव्हा वाटलं होतं, संपलं भांडण.

ते संपलं नाही, आणि त्याला कारण मीच. गेल्या डिसेंबरात सुट्टीला आलो होतो. पहाटे सहाच्या सुमारास गावाबाहेरच्या रस्त्यावर, शिकलेलं सगळं पाळून, अगदी उजव्या कडेने पळत होतो. समोर रस्ता मोकळा. आणि मागून, माझ्याच कडेने, उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल कोपराला घासून गेली. पेट्रोलपंप रस्त्याच्या त्या बाजूला होता, पुढे दुभाजकात फट नव्हती, मग कोण एवढा वळसा घालणार? आवाज ऐकू आला तेव्हा ती पुढे गेलेलीसुद्धा होती. चालकाने मागे वळून मलाच झापलं, "अहो, बघून पळा की!" कुठं बघून, हे त्याने सांगितलं नाही.

त्या दिवशी मला कळलं की उजव्या कडेचा नियम म्हणजे अर्धाच करार आहे. उरलेला अर्धा गाडी चालवणाऱ्याने पाळायचा असतो. त्याने आपली बाजू सोडायची नाही, एवढंच त्याच्याकडे काम. ते त्याने केलं नाही की समोर बघण्याला काही अर्थ उरत नाही, कारण धोका पुन्हा पाठीमागेच येऊन बसतो. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायला निघालेली एसटी तुमच्याच कडेला येते, तीही मागून. अप्पर-डिपरचं तर बोलायलाच नको. पहाटेच्या अंधारात समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर मारून येतो, डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा. मग दिसावं म्हणून समोर तोंड केलं त्याचा उपयोग काय? इथे डार्बीशायरात खेड्यातल्या रस्त्यावरही समोरचा माणूस दिसला की बहुतेक चालक दिवा खाली करतात. त्याचं श्रेय मी संस्कृतीला देणार नाही. वाहन परवान्याची परीक्षा इथे खरोखरच कठीण असते, पहिल्या फटक्यात मीही नापास झालो होतो.

तरी डाव्या तटाचं म्हणणं मला पटत नाही. त्यांचा युक्तिवाद "आपल्याकडे सगळेच उलटे येतात" असा. सगळे येत नाहीत. मोठी, जड, वेगातली वाहनं बहुतेक वेळा आपल्या बाजूनेच येतात, आणि जीव घेतात तो तीच. मोटारसायकलने कोपर सोललं, ट्रकने सोललं नसतं.

पण घाटाचं वेगळं आहे, आणि हे आमच्या तटाने मुळीच बोललं नाही. हायवे कोडच्या त्याच नियमात पुढे म्हटलंय की तीव्र उजवं वळण येण्याच्या बऱ्याच आधी रस्ता ओलांडून डावीकडे जा, वळण संपलं की परत या. कारण उजव्या वळणावर उजवी कड म्हणजे वळणाच्या पोटातली कड. समोरून येणारा त्या पोटाला चिकटून वळतो आणि तुम्ही त्याला दिसता तेव्हा ब्रेक दाबायला वेळ उरलेला नसतो. इथे डोंगरातल्या रस्त्यावर मी रोज दोन वेळा अशी बाजू बदलतो. यवतेश्वरला तर दर दोन-तीन मिनिटांनी वळण आहे. तिथे एक बाजू धरून बसणारा, डावीवाला असो की उजवीवाला, सारखाच आंधळा.

याच पुस्तकातला आणखी एक नियम साताऱ्याच्या माणसाला जवळचा वाटावा. मोठा जथा चालत असेल आणि फुटपाथ नसेल, तर जथ्याने डावीकडून जावं. पुढे-मागे पहारेकरी ठेवावेत, रात्री पुढच्याच्या हातात पांढरा दिवा आणि मागच्याच्या हातात लाल. शे-दोनशे माणसं गाडी दिसली म्हणून पटकन कडेला उडी मारू शकत नाहीत, ती वाहनासारखीच चालतात, असा मी त्याचा अर्थ लावतो. वाचलं तेव्हा दिंडीच आठवली. ऑक्टोबर 2022 मध्ये सांगोल्याजवळ जुनोनीला पंढरपूरला निघालेल्या दिंडीत गाडी घुसली, सात वारकरी गेले. दिंडीच्या शेवटच्या माणसाकडे लाल दिवा द्यायला खर्च किती येतो? आमच्या ग्रुपने रविवारी तीस-चाळीस जणांनी निघताना हे तरी करावं.

फौजा सिंग लंडनच्या रस्त्यांवर धावून जगभर माहीत झाले, शंभरीत टोरंटोची मॅरेथॉन पुरी केली. जुलै 2025 मध्ये, वयाच्या 114व्या वर्षी, पंजाबातल्या आपल्या गावाजवळ महामार्ग ओलांडताना त्यांना गाडीने उडवलं. तिथे डावी-उजवीचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पायी चालणाऱ्याचा फुटपाथवरचा हक्क हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. निकाल उत्तम आहे. आमच्या पेठेतल्या फुटपाथवर मात्र अजून भाजीच्या पाट्या आहेत, आणि त्या पाट्यांमागे बसलेल्या मावशींनाही पोट आहेच.

मित्राला मी काल लिहिलं: शाळेत शिकवायचं असेल तर उजवीच शिकवा. मोकळ्या सरळ रस्त्यावर उजवीकडून पळा, घाटात वळणाच्या बाहेरच्या कडेने, आणि कानातले बोळे घरी ठेवा. पेट्रोलपंप जवळ आला की मागे वळून बघा. शेवटचा नियम हायवे कोडमध्ये नाही, तो मी साताऱ्यात कमावलाय.

त्याने अंगठा पाठवला आणि विचारलं, "डिसेंबरात येतोयस ना? त्या पिवळ्या चमकणाऱ्या जाकिटांची चार-पाच घेऊन ये. आमच्याकडं मिळतात, पण धुतली की चमक जाते."