दिवसभर उभ्याचं काम, तरी पोट का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही चिडून लिहिलंत आणि चिडण्याला कारण आहे. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कामाच्या ठिकाणी हालचाल वाढवली तर बायकांच्या अंगावरची चरबी कमी व्हायला मदत होते, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर या ताई लिहितात : "मी गोदामात पॅकिंगला आहे. वय ४६. आठ तास उभी असते, खोकी उचलते, तरी पोट वाढतंय. अजून किती हलू? हे खुर्चीत बसणाऱ्यांचं ज्ञान आहे. स्नायू-बिनायू हा जिमवाल्यांचा धंदा, आणि तुमचं संशोधन सगळं पुरुषांवरचं."

तो लेख बैठं काम करणाऱ्यांसाठीच होता, पहिल्याच परिच्छेदात तसं लिहिलंय. तुम्हाला तो सल्ला लागू पडत नाही. का पडत नाही, ते मात्र नीट सांगण्यासारखं आहे.

आधी उभं राहण्याचं बघू. पाय भरून येतात, टाचा ठणकतात, म्हणून वाटतं की भरपूर ऊर्जा खर्च झाली असणार. २०१८ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला गेला : बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला सरासरी ०.१५ किलोकॅलरी जास्त लागतात, आणि बायकांमध्ये जेमतेम ०.१. म्हणजे आठ तासांचे ४८. दोन घास जास्त गेले की फिटले. थकवा आणि खर्च यांचं गणित जुळत नाही, ते असं. चालण्याचं वेगळं आहे. साध्या चालीलाही स्वस्थ बसण्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे दिवसभर चालायला लावणारं काम आणि एका टेबलाशी खिळवून ठेवणारं काम ही दोन वेगळीच कामं आहेत. संशोधकांच्या प्रश्नावलीत मात्र दोन्ही 'उभ्याचं काम' या एकाच रकान्यात जातात!

त्यातही शरीर भलतं काटकसरी. टांझानियातले हाड्झा लोक शिकार आणि कंदमुळं गोळा करून जगतात, रोज मैलोनमैल चालतात. २०१२ साली त्यांचा दिवसाचा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा अंगाचं आकारमान जमेस धरून तो पाश्चात्त्य शहरी माणसांइतकाच निघाला. हालचालीत गेलेली ऊर्जा शरीर आतून कुठेतरी वाचवत असावं, असा त्यावरचा तर्क आहे. म्हणून 'एवढं राबते तरी वजन उतरत नाही' यात तुमचा आळस शोधू नका, आणि दुसऱ्या कुणाला शोधूही देऊ नका.

आता खोकी. तुम्ही कामाला लागलात तेव्हा पहिले काही आठवडे हात-खांदे दुखले असतील, मग दुखायचे थांबले असतील. तिथेच गोम आहे. स्नायू नव्या ओझ्याला जुळवून घेतो आणि थांबतो. त्याने पुढे वाढावं तर ओझंही हळूहळू वाढायला हवं, मध्ये विश्रांती हवी. गोदामातलं खोकं वर्षानुवर्षं तेवढ्याच वजनाचं राहतं. ते बहुधा एकाच बाजूने उचललं जातं, कंबर त्याच दिशेला वळते, तोच खांदा वर जातो. कधी थांबायचं हे तुमच्या हातात नसतं, समोरून माल येतच असतो. सांध्यांची झीज होते, पण स्नायूंना वाढायचं निमित्त मिळत नाही. कष्ट आणि व्यायाम यांत मी फरक करते तो एवढ्यासाठी. त्यात कष्टांना कमी लेखणं नाही.

स्नायू जिमवाल्यांचे नाहीत. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त तेच उचलतात. तुमच्या वयात तर ते मुद्दाम सांभाळावे लागतात. अमेरिकेत 'स्वान' नावाचा अभ्यास १९९०च्या दशकापासून चालू आहे, आणि तो फक्त बायकांवर आहे. पाळी जाण्याच्या सुमाराला चरबी वाढण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो आणि स्नायू घटू लागतात, शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षांपर्यंत हे चालतं, असं त्यात दिसलं. वजन मात्र आधीच्याच संथ चालीने वाढत राहतं. म्हणजे आत एवढी उलथापालथ चालू असताना काट्यावर काहीच वेगळं दिसत नाही. तुमचं पोट वाढण्यामागे कामापेक्षा हे कारण मोठं असू शकतं.

पुरुषांवरच्या संशोधनाबद्दल तुमचा टोला वर्मी बसला आहे. कामावरची हालचाल आणि आरोग्य या विषयाची सुरुवातच १९५३ मध्ये लंडनच्या बस-ड्रायव्हर आणि कंडक्टरांपासून झाली, सगळे पुरुष. पुढे २०१८ मध्ये सुमारे १.९ लाख लोकांची माहिती तपासली गेली. अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचं प्रमाण १८ टक्के जास्त निघालं, बायकांमध्ये तसं काही दिसलं नाही. पुरुषांचे निष्कर्ष बायकांना सरसकट चिकटवू नयेत, याला याहून चांगला पुरावा कुठला?

मग करायचं काय? तुम्ही अजून चालू नका. कामावरून आल्यावर पाय वर करून पडा, खुशाल. आठवड्यातून दोन दिवस, शक्यतो सुट्टीच्या आसपास, वीसेक मिनिटं जोर वाढवणारा व्यायाम : खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून जोर, पिशवीत वजन घालून कोपर मागे नेत ती ओढणं. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं, हा भाग सोडलात तर ते पुन्हा खोकी उचलण्यासारखंच होईल. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. गुडघे किंवा कंबर आधीच दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आणि तुम्ही विचारलंत, कामावरच्या मशीनवर संध्याकाळी चरबी ३८ टक्के दाखवते ती खरी का? ते मशीन पायांतून बारीकसा वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतं. अंगातलं पाणी कमी असलं तर चरबी जास्त दाखवतं, आणि दिवसभर उभं राहून पायात पाणी उतरलं असेल तर आकडा उलटाही फिरतो. शिफ्टनंतर त्यावर उभ्याच राहू नका. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, टेपने कंबर मोजा, महिन्यातून एकदा.