बायकोचं प्रमोशन झालं? खबरदार, खूश व्हाल तर!

घरात दोघंही नोकरीवाले असाल, तर संध्याकाळी ऑफिसच्या गप्पा कशा मारायच्या ते शिकून घ्या. फुकट सांगते.

दारातून आत आल्या आल्या सुरू व्हायचं. नागपुरात मिहानमधल्या ऑफिसातून वर्धा रोडच्या गर्दीतून आलेला माणूस साहेबाला शिव्या घालायला एकदम ताजा असतो.

जेवताना मार्च एंडिंग काढा. वरणाला वेगळी फोडणी लागत नाही.

तिनं साहेबाची तक्रार केली, की तुम्ही साहेबाची बाजू घ्या.

चांगली बातमी आली, तर मात्र कसब लागतं. परवा माझं प्रमोशन झालं. पहाटे उठून अभ्यास, लेखी परीक्षा, मग इंटरव्ह्यू. बँकेत क्लार्कची ऑफिसर झाले. येताना संत्रा बर्फीचा डबा आणला. आमचे हे कूलरसमोर, हातात मोबाइल. मान वर नाही. "अच्छा? मंग ट्रान्सफर होईन न आता. गडचिरोलीले टाकतीन, पाहजो." आणि लगेच, "आमच्या मॅनेजरनं आज काय केलं माहीत आहे?" मग तो मॅनेजर, त्याची एक्सेल शीट, त्याची रात्री दहाची मीटिंग. सांगता सांगता अर्धा डबा यांनीच संपवला. ऑफिसर झालं की बदली होते, हे मला ठाऊक नाही? फॉर्म भरताना डोळे मिटले होते का माझे? बदलीचं उद्या बोललो असतो. एक संध्याकाळ मागत होते, फक्त एक!

शेली गेबल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास २००४ मध्ये छापून आला. जोडीदाराची चांगली बातमी जिथं उत्साहानं, चार प्रश्न विचारत ऐकली जाते, तिथं नात्यात समाधान जास्त दिसलं. खोट काढणारे, विषय बदलणारे आणि नुसतं "छान" पुटपुटणारेही, यांच्या घरी कमी. आमच्याकडे खोट काढून विषय बदलायला एक मिनिटही लागलं नाही. बाईंना कळवायला हवं.

जाऊ द्या, सल्ले गेले चुलीत. अहो, दिवसभर काउंटरवर गावाचं ऐकून आलेल्या बाईचं दहा मिनिटं ऐकवत नाही तुम्हाला? तो मोबाइल ठेवा बाजूला. "इंटरव्ह्यूत काय विचारलं गं?" एवढं विचारायला काय पैसे पडतात? तुमच्या मॅनेजरच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, तेही आम्हाला पाठ आहे. आमच्या ब्रँच मॅनेजरचं नुसतं आडनाव सांगून दाखवा बरं!