डिकीतली शिदोरी

उन्हाळ्यात गाडी काढून खेड्यापाड्यांच्या रस्त्याने भटकायला निघायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "खायला काय काय करायचं?" रागावू नका, पण माझ्या मते तो दुसरा प्रश्न. डबे गाडीत कुठे ठेवणार, ते आधी ठरवा.

आमच्याकडे सगळं डिकीत कोंबायची पद्धत होती. पुढे आम्ही एसीत गारेगार आणि मागे जेवण शेकतंय. एकदा सकाळी सहाला डझनभर अंडी उकडून डब्यात भरली, वाटेत दोन ठिकाणी गाडी उन्हात उभी केली आणि दुपारी तीनला झाडाखाली चटई टाकली. झाकण उघडल्याबरोबर धाकटी म्हणाली, "बाबा, गाडीत कुणी मेलंय का?" बाराच्या बारा अंडी फेकली.

बंद गाडी किती तापते याचा आपल्याला अंदाजच नसतो. अमेरिकेत २००५ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेर फार कडक ऊन नसतानाही आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सियसने चढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. म्हणजे "पाचच मिनिटं थांबू" म्हणत आपण अर्धा तास फोटो काढतो, तेवढ्यात डब्यांचं काम झालेलं असतं.

शिजवलेलं, ओलसर अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. "वास तर येत नाहीये" हा युक्तिवाद आमच्या घरात अजून चालतो. पण काही जंतूंचं विष वासाने कळत नाही आणि अन्न पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

म्हणून आता बर्फाच्या दोन पेट्या. एक पाण्याची, कारण पोरं ती दर दहा मिनिटांनी उघडणारच. दुसरी जेवणाची, ती जेवायच्या वेळीच उघडायची आणि ठेवायची मागच्या सीटच्या पायाशी, सावलीत. बर्फ विकत आणायच्या भानगडीत मी पडत नाही. आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये टाकतो, वरून चार बोटं रिकाम्या ठेवून. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, हे एक बाटली फुटल्यावर पटलं. गार हवा खाली उतरते, म्हणून दोन बाटल्या तळाला आणि दोन सगळ्यात वर. पेटी गच्च भरलेली हवी, पोकळी राहिली की बर्फ लवकर वितळतो. दुपारपर्यंत त्याच बाटल्यांचं गार पाणी प्यायला मिळतं.

सँडविच घरून बनवून नेऊ नका. टोमॅटो पावात तीन तास बसला की त्याचा लगदा होतो. पाव, काकडी, टोमॅटो वेगवेगळे न्या आणि तिथे बसून कापा.

कापायला सुरी लागते, हे मात्र ध्यानात ठेवा. आम्ही एकदा भलंमोठं कलिंगड नेलं आणि सुरी ओट्यावर राहिली. शेवटी दगडाच्या कडेवर आपटून फोडलं, कोपरापर्यंत ओघळ, तोंडात बिया, आणि मोठ्याच्या मते आजवरची सगळ्यात भारी पिकनिक तीच. तेव्हापासून सुरी रुमालात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. मागच्या खेपेला ती होती. कलिंगड घरी राहिलं.