जड माणूस मागे

पंचगंगेचं आणि समुद्राचं मुळातच जमत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या तिच्या नद्या उगवतात सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर. एकदा कोकणात उडी घेतली असती तर काम तमाम. पण नाही. बाई समुद्राकडं पाठ फिरवते, कोल्हापूरला वळसा घालते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेच्या गळ्यात पडते आणि तिचा हात धरून कर्नाटक, तेलंगण, आंध्र पालथं घालत थेट बंगालच्या उपसागराला जाते. जिथं नदीनंच शेजारच्या समुद्राचं नाव टाकलंय, तिथं आम्ही माणसांनी त्यात होडी घालायला जायचं कारण काय?

कारण एकच. दाजी.

दाजी शिवाजी पेठेचे, आम्ही मंगळवार पेठेतले. कोल्हापूरचा फुटबॉल ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. शाहू स्टेडियमवर या दोन पेठा समोरासमोर आल्या की त्या संध्याकाळी ताईचा फोन कुणी उचलायचा नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. एरवी मात्र दाजी म्हणजे दाजी. त्यांना गाडीत पुढची सीट द्यायची, ताटात पहिला वाढा त्यांना, आणि ते चुकले तरी आपण 'व्हय' म्हणायचं.

भाऊबीजेला ताईकडं गेलो. तिनं ओवाळलं. मी विचारलं, "ताई, काय पाहिजे बोल ओवाळणी." ताईनं तोंड उघडायच्या आत दाजींनी मोबाईल पुढं केला. त्यात एक सडपातळ माणूस लांबट होडीत बसून, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं फिरवत, निळ्याशार पाण्यातून चालला होता.

"पाव्हणं, हे करायचं. कयाक म्हणत्यात. तारकर्लीला, ह्याच रविवारी."

"मी पैठणी म्हणणार होते," ताई म्हणाली.

"पैठणी दुकानात बारा महिने असती. दर्या असा असतोय का बारा महिने?"

यात खोट काढता येईना. पावसाळ्यात तिथले पाण्यातले खेळ बंदच असतात. दिवाळीच्या सुमाराला दर्या निवळतो, सकाळी जमिनीकडून मतलई वारे वाहतात आणि किनाऱ्याजवळचं पाणी गप्प पडून असतं. शिवाय फराळ संपवायचा होताच. मी 'व्हय' म्हणालो.

रविवारी पहाटे चारला निघालो. दाजी पुढं, ताई आणि माझी बायको मागं. दाजीपूरचा फाटा आला की दाजींनी 'आमचं संस्थान' म्हणायचं आणि बाकीच्यांनी हसायचं, हाही एक जुना नियम आहे. हसून झाल्यावर फोंडा घाट उतरलो आणि आठच्या आत तारकर्लीच्या वाळूत उभे राहिलो.

होड्यांचा पोरगा मालवणी, विशीतला, शिडशिडीत. त्यानं आकाशाकडं पाहिलं नाही, मोबाईलमध्येही पाहिलं नाही. म्हणाला, "आज पंचमी. पाच पाउणे पावणेचार. पावणेचारक भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणातलं गणित. भरती रोज साधारण पाऊण तासानं पुढं सरकते, म्हणून ते जमतं. पाउणकीचा पाढा जन्मात उपयोगी पडला असं मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. पोरगा पुढं म्हणाला, "देवबागाक जावया. पण बारा वाजले की वारो सुटतलो. त्याच्या आधी परतूक व्हया."

ताईनं होडीकडं एकदा पाहिलं आणि "मी वाळूतच बरी," म्हणून पिशवी मांडून बसली. माझ्या बायकोनं गाजावाजा न करता त्या पोराच्या होडीत पुढची जागा धरली. राहिलो मी, दाजी आणि एक पिवळी प्लास्टिकची कयाक.

दाजींनी ती आधी उलटी करून तपासली. मग गंभीर झाले.

"आरं, हिला भोकं हाईत!"

खरंच होती. बसायच्या जागेपासून तळापर्यंत आरपार, चांगली अंगठ्याएवढी. पोरगा म्हणाला, "पाणी वरसून इला तर त्येतसून खाली जाता." म्हणजे बसायची जागा समुद्राच्या पातळीपेक्षा उंच असते, वरून लाट आली तरी पाणी आपोआप निथळतं, होडी भरत नाही. सोय उत्तम आहे. फक्त ती करणाऱ्यानं दिवाळीनंतरचा कोल्हापूरकर धरलेला नव्हता. आम्ही दोघं बसल्यावर ती जागा पातळीच्या वर राहिलीच नाही. पाणी भोकांतून खाली जायच्या ऐवजी गुळगुळ करत वर आलं आणि आमच्या बुडाखाली येऊन थांबलं. दाजींनी एका भोकावर टाच दाबून धरली. ती त्यांनी देवबागपर्यंत काढली नाही.

ही होडी मूळची बर्फाळ उत्तरेकडच्या इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडांचा नाहीतर हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं ताणून बसवायचं, आणि ज्याची होडी त्याच्या अंगाच्या मापानं करायची. हे मी वाचून गेलो होतो आणि दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "कातड्याचं काम, तेही मापानं? मग कोल्हापुरात करायला काय झालतं?" यावरून त्यांना चपला आठवल्या. पायात नवी कोरी कापशी होती, पाऊल टाकलं की कर्रकर्र वाजणारी. ती वाळूत ठेवायला दाजी तयार नव्हते, खाऱ्या पाण्यात भिजवायला तर नाहीच. पाणी न शिरणारी एक रबरी पिशवी मिळाली होती, मोबाईल आणि पाकिटं ठेवायला. त्यात चपला गेल्या. उरलेल्या जागेत चिवडा, चकल्या आणि करंज्या. मोबाईल-पाकिटं ताईकडं.

लाईफ जॅकेटवरूनही थोडं झालं. आम्ही पाठीला डबा बांधून पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेली माणसं, आम्हाला हे कशाला, असं दाजींचं म्हणणं. पोरानं ऐकून घेतलं आणि पट्टा आवळला.

आता खरा पेच. बसायचं कसं? पोरगा सरळ बोलून गेला, "काकानू, तुमी मागे. जड माणूस मागे."

एक तर काका, त्यात जड, त्यात मागे. दाजींचा चेहरा पडला. जावयाला मागं बसवलं हे कोल्हापुरात कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. मी घाईनं म्हणालो, "दाजी, मागचा माणूस होडी वळवतोय. सुकाणू म्हणजे मागंच." हे खरंही आहे. पुढच्यानं लय धरायची, मागच्यानं त्या लयीत वल्हं मारायचं आणि दिशा सांभाळायची. दाजींना सुकाणू आवडलं. ते मागं बसले आणि होडीचं पुढचं टोक, माझ्यासकट, पंचगंगेत डुंबणारी म्हैस नाकपुड्या वर काढते तसं वर आलं.

वल्हवायचं हातानं, असं मला वाटत होतं. "हात नाय, कंबर फिरवा," पोरगा ओरडला. पातं पायाच्या अंगठ्याशी पाण्यात रोवायचं, खांद्यापासून कमरेपर्यंत सगळं धड फिरवायचं आणि कमरेपाशी बाहेर काढायचं. दंडात कितीही बळ असू दे, दंड पंधरा मिनिटांत दमतात. तालमीच्या गावात वाढलेल्या माणसाला कमरेवर विश्वास ठेवायला वेळ लागतो.

आणि पुढं बसणाऱ्याची एक गंमत असते. त्याला मागचा दिसत नाही. मी कंबर फिरवतोय, होडी मात्र एकसारखी डावीकडं किनाऱ्याला जाते. "दाजी, मारताय न्हवं?" "मारतोय की!" मग पाण्याचा आवाज यायचा, दोन-चार वेळा, चळक चळक. मग शांतता. मग कुरुम. ती चकली होती हे सांगायला मागं वळून बघायची गरज नव्हती. भाजणीची चकली खाताना होणारा आवाज समुद्रावर फार लांब जातो.

बरं, बोलायचीही सोय नाही. मित्र असता तर "डावं मार रं!" एवढ्यात भागलं असतं. दाजींना म्हणावं लागतं, "दाजी, तेवढं जरा डावीकडनं घेता का?" अहोजाहोचं वाक्य लांबतं. लाट तेवढी थांबत नाही.

तरी गेलो. पाणी खरंच गप्प होतं, उजव्या हाताला मोकळा दर्या, डाव्या हाताला वाळू आणि माड, आणि टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते ते देवबाग. बायको आणि पोरगा केव्हाच पोचून गप्पा मारत बसले होते.

तिथं दाजी सुकाणू विसरले आणि यजमान झाले. पिशवी उघडली. चपला बाहेर, फराळ बाहेर. पोराला करंजी. पलीकडं पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांना चिवडा. "घ्या की, लाजताय काय! घरचा हाय." मग त्या कुटुंबानं त्यांच्या शंकरपाळ्या काढल्या, मग पोहे भाजके की पातळ यावर चर्चा. पोरगा दोनदा म्हणाला, "दादानू, वारो सुटतलो." दोन्ही वेळा त्याला करंजी मिळाली. तोंड भरल्यावर माणूस किती आग्रह करणार?

शाळेत भूगोलाच्या पेपरात खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती असायची. जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला धावते. त्या बाणाचे मला पूर्ण गुण मिळाले होते. साडेबाराला तो बाण वायव्येकडून आला आणि छातीवर बसला. परतीची वाट उत्तरेची. समोर लांबवर सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ साली महाराजांनी पाया घातला आणि १६६७ साली पुरा केला. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला, आणि मला तो अर्धा तास कंबर फिरवूनही तिळभर मोठा दिसेना. वल्हं मारलं की जागेवर, थांबलं की मागं.

"दाजी, मारताय न्हवं?"

"आता खरंच मारतोय, मर्दा!"

यातला 'आता' मी लक्षात ठेवला.

वारा चुकवायला म्हणून दाजींनी होडी किनाऱ्याकडं घेतली. पोरगा लांबून "भायर! भायर रवा!" ओरडत होता. आम्ही हात हलवून त्याला निरोप दिला. तारकर्ली जवळ आली तसे पाण्यावर ओळीनं तरंग दिसायला लागले, आणि दाजींच्या वल्ह्यात दोर अडकला. ती रापण होती. होडीतून अर्धगोल फिरवून जाळं टाकतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि मग दोन्हीकडून माणसं ते तासन्‌तास ओढत आणतात. आम्ही त्या अर्धगोलाच्या बरोबर मध्ये शिरलो होतो. किनाऱ्यावरून आरडाओरडा झाला. आधी शिव्या होत्या, मग कुणीतरी ओरडलं, "बांगडो नाय रे, कोल्हापूरवालो गावलो!" आणि सगळी वाळू हसायला लागली.

दोराच्या जवळच्या टोकाला पदर खोचून, टाच वाळूत रोवून उभी होती ती आमची ताई. वाळूत बसून कंटाळल्यावर तिनं दोर धरला होता. तिनं आम्हाला पाहिलं. दोर सोडला नाही.

मागून एक लाट आली, तिनं कयाक आडवी केली आणि आम्हाला ओतून दिलं. पाणी कमरेइतकंच होतं, तरी मी पुरेसं प्यालो. वर आलो तेव्हा दाजी उभे होते, दोन्ही हात डोक्यावर, त्यात रबरी पिशवी. चपला कोरड्या.

रापण ओढणाऱ्याला वाटा मिळतो. ताईला बांगडे मिळाले, चांगले ताजे. येताना गाडी बायकोनं चालवली, कारण माझे हात खांद्याच्या वर आणि दाजींचे कमरेच्या वर जात नव्हते. घाटात प्रत्येक वळणाला दाजी तिला "वैनी, कमरेनं, कमरेनं" सांगत होते. तिसऱ्या वळणावर तिनं गाडीतलं गाणं मोठं केलं.

रात्री आईनं बांगडे तळले. दाजी पाटावर बसून तिला सांगत होते, "पुढं बसणाऱ्याला काय वो, नुसतं पाणी बघायचं. सगळी होडी मागच्याला ओढाय लागती."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "तू त्यास्नी मागं बसवलंस व्हय रं?"

आणि ताईनं ओढून आणलेला सगळ्यात मोठा बांगडा दाजींच्या ताटात गेला.