कंपन्यांची यादी आणि तिसऱ्या दिवसाची दुपार: आपल्या अभिप्रायाला उत्तर

भाऊ, नमस्कार.

सामाजिक संस्थांसाठी आम्ही जळगावात जे तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण घेतो, त्याला एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की साडेचार हजार रुपये घेतले, दोन दिवस नुसती ‘समस्येची झाडं’ (मुळाशी कारणं आणि फांद्यांवर परिणाम मांडायची आकृती) कागदावर काढायला लावली, पैशाचा विषय शेवटी घाईत गुंडाळला आणि निधी देणाऱ्या कंपन्यांची यादीसुद्धा दिली नाही. तुमचा हिरमोड झाला याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करते. फीबद्दल एवढंच सांगते, राहणं, दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता आणि छापील वही त्यातच होतं.

पण ‘घाईत गुंडाळला’ हे मला फार लागलं. वेळापत्रक नाव नोंदवतानाच व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. त्यात तिसरा दिवस पूर्ण पैशाचाच आहे. सकाळी कागदपत्रं: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलले की द्यायची माहिती), १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), दर्पण (नीती आयोगाच्या पोर्टलवरची संस्थेची नोंदणी), सीएसआर-१ (कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी). दुपारी बजेट. तुम्ही जेवण झाल्यावर नंदुरबारकडची गाडी आहे म्हणून निघालात. घरची ओढ प्रत्येकाला असते, मी अडवलं नाही. पण बजेटचं सत्र दोनला सुरू झालं ते साडेपाचपर्यंत चाललं. शहाद्याच्या आणि चोपड्याच्या ताई शेवटपर्यंत बसल्या, एकेका रकान्यावर वाद घातला. जे सत्र तुम्ही ऐकलंच नाही ते घाईत झालं असं कसं लिहिलंत?

त्यात काय झालं ते इथेच सांगते, म्हणजे तुमच्याही कामाला येईल. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या, प्रस्तावात प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही, असं समजून आपल्याकडच्या संस्था कार्यकर्त्यांचे पगार कापतात. ही ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत. पाड्यावर फिरणाऱ्या ताईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे, तो तसाच दाखवायचा. परदेशी निधीचं वेगळं आहे. तिथे त्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर संस्थेचा प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आधी ती मर्यादा ५० टक्के होती. या दोन नियमांची गल्लत झाली की वर्षभर फुकट राबणारी माणसं तयार होतात आणि मग ती सोडून जातात. मी स्वतः संस्थेत नोकरी केलेली आहे, म्हणून हे सत्र कधीच उरकून टाकत नाही.

आता झाडांबद्दल. तुमच्या गटाला सरावासाठी अक्कलकुवा-धडगाव भागातल्या शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांचा विषय होता. समस्येची मुळं कागदावर मांडण्याआधी गटाने थेट लिहिलं, ‘पालकांच्या ५० बैठका घेऊ’, आणि पायाभूत पाहणी (काम सुरू करण्याआधीची स्थिती नोंदवणारी) टाकली जानेवारीत. दिवाळीनंतर त्या पाड्यांवरची कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. जानेवारीत कुलूप लावलेल्या दारांची पाहणी करणार का? हे धडगावच्याच एका सहभागी दादांनी दाखवून दिलं आणि मग सगळं वेळापत्रक फिरवावं लागलं. बैठका घेणं ही आपली कृती झाली. मूल वर्षभर शाळेत टिकलं का, हा बदल. निधी देणारा हा बदल विचारतो, आणि त्याचं उत्तर बजेटच्या तक्त्यात सापडत नाही. म्हणून आधीचे दोन दिवस. पैशाचं बोलणं टाळायचं म्हणून नव्हे.

यादीचं म्हणाल तर ती आम्ही मुद्दाम देत नाही. सीएसआरचा कायदा सगळ्या कंपन्यांना लागू नाही. नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरलेली रक्कम) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक तरी असावं लागतं, आणि मग आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. आपल्याकडच्या बहुतेक डाळ मिल आणि चटईचे छोटे कारखाने त्यात बसत नाहीत. त्यांच्या दारात प्रस्ताव घेऊन उभं राहिलं की दोघांचाही वेळ जातो. कोणत्या कंपनीने कुठे, कशावर खर्च केला हे केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर सगळ्यांना मोफत दिसतं. ते कसं शोधायचं हे तिसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर करून दाखवलं. त्या वेळी तुम्ही बाहेर फोनवर होतात. महत्त्वाचा फोन असेल, मी समजू शकते.

तुम्ही चहाच्या वेळी म्हणालात, ‘मिळतील त्यातले दहा टक्के घ्या, पण कंपनी गाठून द्या.’ मी नाही म्हटलं, आणि आजही नाहीच म्हणेन. आम्ही शिकवतो, मध्यस्थी करत नाही. हे नाव नोंदवतानाच सांगितलेलं असतं.

हे सगळं इतकं लांबवलं, कारण आमच्याकडे येणारे कार्यकर्ते असे अभिप्राय वाचूनच फोन करतात. मागच्या आठवड्यात एका संस्थेने नोंदवलेली तीन नावं परत घेतली. पुण्या-मुंबईला इंग्रजी स्लाइडवर जे शिकवतात ते इथे मराठीतून, अडलं तर अहिराणीतून सांगतो. हॉलचं भाडं, स्वयंपाकाच्या मावशी, दोन प्रशिक्षक, सगळं या फीवरच चालतं.

पैशाचा थोडा भाग दुसऱ्या दिवशी घेता येतो का, हे प्रशिक्षकांशी बोलून पाहते. गाड्यांच्या वेळांचाही विचार करू.

तुमचं राहिलेलं बजेटचं सत्र पुढच्या बॅचमध्ये पुन्हा करा, त्याची फी नाही, जेवणाचेही पैसे घेणार नाही. येण्याआधी दोन दिवस कार्यालयात कळवा आणि संस्थेचा मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट सोबत आणा. प्रमाणपत्र तुमच्या नावाने छापून ठेवलेलं आहे, सत्र पूर्ण झालं की त्याच दिवशी सही करून देईन.