हांगा चलना!

शनिवार, एक वाजायला दहा मिनिटं. दक्षिण गोव्यातली एक फार्मसी, शटर अर्धं खाली. काउंटरवर पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली. काउंटरमागच्या गृहस्थांनी तिला हातही न लावता वरच्या कोपऱ्यातला पत्ता वाचला आणि निकाल दिला, ‘हें हांगा चलना. गोंयच्या दोतोराची हाडात.’ म्हणजे ही इथे चालत नाही, गोव्याच्या डॉक्टरची आणा.

चलना म्हणजे काय चलना? गाडी एमएच बारा, ती चलता. फोनमधली बँक पुण्याची, तिचे पैसे चलता. फक्त ब्लडप्रेशर तेवढं गोव्याच्या सीमेवर, पात्रादेवीच्या नाक्यावर जमा करून यायचं होतं का?

बरं, मागितलं काय, तर रक्तदाबाच्या गोळ्या, मेटोप्रोलॉल आणि टेल्मिसार्टन. म्हातारपणाची भाजीपोळी. आणि हा वाद चालू असतानाच शेजारी एक जण खोकला. फक्त खोकला हो. त्याच्या हातात अझिथ्रोमायसिन ५०० या अँटिबायोटिकची अख्खी पट्टी पडलीसुद्धा. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, गोंयचा नाही की भायला नाही. मेटोप्रोलॉल शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत त्या औषधांच्या यादीत, अझिथ्रोमायसिनही त्याच यादीत. पण खोकल्याला राज्याची सीमा नसते, रक्तदाबाला असते.

१९४५च्या औषध नियमांतला नियम ६५ एकदा वाचा. चिठ्ठी लेखी हवी, सही-तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, औषधाची मात्रा आणि एकूण किती द्यायचं ते हवं. डॉक्टर कुठल्या राज्यातला, हे त्यात नाही. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत तर उघड लिहिलंय की नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला सल्ला देऊ शकतो. अडवायचंच असेल तर त्याच नियम ६५मध्ये खरं कलम आहे: एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं, पुन्हा द्यायला डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असलं पाहिजे. किती वेळा, किती अंतराने. ‘रिपीट, दर महिन्याला, सहा वेळा’ एवढं एका ओळीत बसतं. पण ते कुणी विचारत नाही. जो नियम आहे तो यांना ठाऊक नाही, जो नाही तो तोंडपाठ.

आणि डॉक्टर? तीन महिने गाडीने फिरायला निघालोय असं सांगितलं की ‘मस्त! कंटिन्यू सेम’ असं लिहून मोकळे. सेम म्हणजे काय? मागचं पान पुण्यातल्या फाइलमध्ये, फाइल कपाटात. ब्रँडचं नाव लिहितात तेही डोंगराच्या रेघेसारखं, आणि तो ब्रँड कारवारच्या पुढे कुणी ऐकलेला नसतो. औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, एक्सएल (हळूहळू सुटणारी) की साधी, दिवसाला किती, एकूण किती, रिपीट किती. सहा गोष्टी. लग्नाच्या आमंत्रणात याहून जास्त असतात.

असो. वाद वाढला, शटर आणखी चार इंच खाली आलं आणि शेवटी गृहस्थ वैतागून म्हणाले, दितां, पण धाच. आणि नियमाप्रमाणे चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर, दुकानाचा शिक्का आणि तारीख मारायला गेले. शिक्का मारला. बोट फिरवलं. शिक्का गेला. पुन्हा मारला, पुन्हा गेला.

कारण चिठ्ठी लॅमिनेट केलेली होती. पावसापासून, चहापासून आणि घामापासून वाचावी म्हणून खास, कडा गोल कापून. तीस रुपये दिले होते, शिवाय चारचौघांना तसंच करायचा सल्लाही दिला होता. गृहस्थ काही बोलले नाहीत. नुसतं बघितलं. त्या एका नजरेत गोवा मुक्त झाल्यापासूनचे सगळे शहाणे पर्यटक होते. तेव्हा ही चूक इथेच कबूल: चिठ्ठी लॅमिनेट करू नका. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात घाला, दोन मूळ प्रती घ्या, फोनमध्ये फोटो ठेवा. आणि तारीखही बघा. आठ महिन्यांपूर्वीची होती. बरं, बरं.

पण तेवढ्याने त्यांचं पाप झाकलं जात नाही. आता कात्रीकडे या. पट्टी पंधराची, द्यायच्या दहा. बॅच नंबर आणि एक्सपायरी पट्टीच्या एका टोकाला ठोकलेली असते, हे या जगात सगळ्यात जास्त केमिस्टला ठाऊक. तरी कात्री चालते ती बरोबर दुसऱ्या टोकाकडून, एक्सपायरीवाल्या पाच राहतात दुकानात आणि गिऱ्हाइकाच्या हातात दहा अनामिक गोळ्या. पुढच्या गावात ती पट्टी दाखवून तीच गोळी मागायची तर नावही अर्धंच: ‘…लॉल ५०’. ॲटेनोलॉल की मेटोप्रोलॉल, ओळखा. कापायच्या आधी तिथेच, काउंटरवर, पट्टीचा मागून-पुढून फोटो काढा. कपाळाला आठ्या पडतील, पडू द्या.

‘कंटेंट सेम आहे’ या वाक्यावर तर बंदी आणली पाहिजे. मेटोप्रोलॉल सक्सिनेट एक्सएल दिवसातून एकदा घ्यायची, साधी टार्ट्रेट बहुधा दोनदा. सेम? टेल्मिसार्टनच्या नावापुढे एएम असेल तर आत ॲम्लोडिपिन, एच असेल तर लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. घाटातल्या बारा तासांच्या ड्रायव्हिंगला एएमऐवजी एच घेऊन बसा, मग कळेल किती सेम आहे ते. फिटच्या आणि थायरॉईडच्या गोळ्यांचा तर ब्रँडही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. फिटच्या व्हॅल्प्रोएटला दमट हवा सोसत नाही, पट्टीतून काढून त्या सात खणांच्या गोंडस डबीत भरली की पावसाळ्यातल्या गोव्यात ती घाम धरते. त्या डब्या विकणाऱ्यांवर वेगळं लिहीन.

हे झालं गोळ्यांचं. इन्सुलिनवाल्यांनी कुणाच्या नावाने बोटं मोडायची? न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं, म्हणून लॉजवाल्याला फ्रिज मागा, तो मिनीबार दाखवतो. त्या मिनीबारची मागची भिंत इन्सुलिन गोठवू शकते (गोठलं की फेकायचंच, वितळवून वापरायचं नाही) आणि खोलीचं कार्ड काढलं की फ्रिजच बंद. पाण्यात भिजवायच्या त्या थंड पिशव्या राजस्थानात मस्त चालतात, कारण पाणी उडून जातं. गोव्यात जूनमध्ये टॉवेल वाळत नाही, पिशवी काय डोंबल थंड होणार! वापरात घेतलेलं पेन बहुधा चार आठवडे बाहेर चालतं, पण उन्हात बंद केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर नव्हे, तिथे पन्नाशी सहज ओलांडते. आणि पेनच्या सुया संपल्या म्हणून कुणी सिरिंज पुढे केली तर टोपीचा रंग बघा. लाल टोपी मिलिलिटरला ४० युनिटवाल्या इन्सुलिनची, नारिंगी १०० युनिटवाल्याची. पेनमधलं १००चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात ५० युनिट जातात. इथे ‘कंटेंट सेम’ म्हणणाऱ्याला माझा साष्टांग.

ऑनलाइन मागवा म्हणणाऱ्यांनाही. पार्सल तीन दिवसांनी पाळोळ्याला पोचतं, तोवर आपण गोकर्णात.

आणि सगळ्यात थोर ते सल्लागार: ‘दोन दिस घेतली ना जाल्यार किदें जाता?’ दोन दिवस नाही घेतली तर काय होतं म्हणे! मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर एकदम थांबवला की नाडी आणि दाब उसळी मारतात, छातीत दुखू शकतं, किदें जाता ते तेव्हा कळतं. म्हणूनच दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच दुकान गाठायचं. तीन दिवसांच्या उरल्यावर नाही. शनिवारी एक वाजायला दहा असताना तर अजिबात नाही.

तर हातात दहा गोळ्या, बाकीच्या? ‘सोमारा यात.’ शटर खाली आलं. त्यावर आतून चिकटवलेला कागद तेव्हा कुठे नीट वाचता आला: सोमवारी फेस्तानिमित्त बंद.