अर्ध्या तासाचा अल्बम

माझ्या कानातला आवाज बाहेर येतो म्हणे! आणि हे सांगणार कोण, तर पुणे–मुंबई गाडीत शेजारी बसलेले काका, ज्यांच्या मोबाइलवर शिवाजीनगरपासून एक बाबा फुल आवाजात त्रिफळ्याचे फायदे सांगत होता.

"ताई, जरा कमी करा. किरकिर येतीये."

किरकिर म्हणजे ‘पॉड’. ‘द ब्रीडर्स’ या रॉक बँडचा १९९० सालचा पहिला अल्बम. मला तो आत्ताशी सापडलाय, आणि कॉलेजात माझ्यासोबत ‘पिक्सीज’ हा बँड घोकणाऱ्या एकाही नालायकानं तेव्हा हे नाव काढलं नव्हतं.

मी आवाज कमी केला. बाबा आवळ्यावर आला. तेवढ्यात काकांची मान माझ्या स्क्रीनवर. कव्हरवर डिझायनर व्हॉन ऑलिव्हर स्वतःच कमरेला मेलेल्या वाम माशांचा पट्टा बांधून नाचतोय.

"वाम का हो ही? आमच्याकडे तळतात."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नवीन अल्बम सापडलेला माणूस गप्प बसत नाही. म्हटलं, काका, हे गाणारी ती किम डील. पिक्सीजमध्ये बास वाजवायची, पण गाणी बहुतेक दुसऱ्याचीच. टान्या डोनेली ‘थ्रोइंग म्यूझेस’मध्ये, तिचीही तीच गत. मग दोघींनी मिळून हा बँड काढला.

"म्हणजे जोडधंदा."

"तसंच."

"मेन कंपनीला माहीत होतं?"

होतं हो. फक्त ड्रमर ब्रिट वॉलफर्डनं अल्बमवर नाव शॅनन डॉटन असं लावलं होतं.

काका खुलले. बाबाला चक्क पॉज केलं. "आमच्या ऑफिसात सगळे असंच करायचे. विम्याची एजन्सी बायकोच्या नावावर. ही शॅनन त्याची मिसेस असणार."

नाही म्हटलं तर ऐकेनात. एडिंबराच्या स्टुडिओत हे लोक पायजम्यातच रेकॉर्डिंग करायचे असं सांगितल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. "सुट्टीचा दिवस धरून केलेलं दिसतंय."

शेवटी म्हणाले, ऐकवा. एक इअरफोन दिला. (नंतर पुसला.) हा अल्बम रेकॉर्ड करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीचं काम म्हणजे मधल्या शांततेलाही वजन असतं. ड्रम खोलीच्या कोपऱ्यात वाजतोय हे कळतं, मग सगळं थांबतं, मग गिटार अंगावर येते. काका त्या थांबण्यातच म्हणाले, "बंद पडलं." मग गिटार आली. "अजून ट्यूनच करतायत."

"केवढं आहे हे?"

"अर्ध्या तासाच्या थोडं वर."

"एवढंच? पैसे पूर्ण घेतले असतील."

खरं तर मला राग काकांचा नाहीये. गेल्या महिन्यात माझं अख्खं प्रेझेंटेशन साहेबांनी स्वतःचं म्हणून वाचून दाखवलं आणि मी मागे उभी राहून स्लाइड पुढे सरकवत होते. अशा बाईला अर्धा तास लागतो हो, सलग, कुणी न टोकता. किमला निदान अल्बिनी भेटला. मला घरी मुलाची शाळा, ऑफिसात साहेब, आणि दोन्हींच्या मध्ये हे.

घाट उतरून कर्जत आलं. वडापाववाले चढले. काकांनी दोन घेतले, एक मला दिला, नको म्हणवेना. माझे हात तेलकट झाले आणि नेमकं बारावं, शेवटचं गाणं लागलं. आवाज वाढवायला बोट लावावं तर स्क्रीन घसरते.

"ताई," काका तोंडातला घास सावरत म्हणाले, "आता लावू ना बाबा? तुमचं झालंय."